उजव्या कानाची बुगडी

मला वस्तू उघडून बघायची खोड होती. गजराचं घड्याळ, पंख्याचा रेग्युलेटर, बाबांचं शाईचं पेन, आईची फिरकीच्या झाकणाची कुंकवाची डबी, बारावीपर्यंत मी या सगळ्यांची पोटं खोलून पाहिली होती आणि त्यातली निम्मी मला परत मिटता आली नव्हती. बाबा म्हणायचे, हिच्या हातात काही द्यायचं असेल तर आधी ते डोळे भरून पाहून घ्या. त्यामुळे मी टायपिंगच्या क्लासला न जाता दागिने घडवायला शिकणार असं जाहीर केलं, तेव्हा घरात फारशी खळबळ झाली नाही. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. थोरली बहीण वैजू हसली. आईनं तेवढं विचारून घेतलं, की यात कुठं सोनाराच्या मुलाची वगैरे भानगड नाही ना. नाही म्हटल्यावर तिनं भेंडी चिरायला घेतली.

कारेकरबाईंचा क्लास आमच्या मागच्याच गल्लीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या बंद करून घेतलेल्या गॅलरीत भरायचा. विरारमध्ये तेव्हा इमारती इतक्या भराभर उठत होत्या, की गल्लीला नाव पडायच्या आधी तिच्यात शिवणाचे, मेंदीचे आणि केकचे क्लास सुरू झालेले असत. बाईंची पाटी त्याच रांगेत लागलेली होती, म्हणून बहुतेक बायका मणी ओवायला शिकवत असतील या समजुतीनं यायच्या, आत ऐरण आणि कोळशाची शेगडी बघून चप्पल पायात सरकवायच्या. बाई गावच्या सोनाराची एकुलती मुलगी. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर वडिलांना मुलगा नव्हता आणि मुलगी ऐकत नव्हती, म्हणून त्यांनी हिला शेजारी बसवून घेतलं. आवाज खणखणीत, कपाळावर मोठं कुंकू, बोटांची पेरं काळसर. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या, कारण त्यांनी मला हात धुवायला सांगितलं नाही, नखं कापायला सांगितलं.

टिकून राहिलेल्या विद्यार्थिनी आम्ही दोघीच. दुसरी यमुनाताई, अर्नाळ्याची. सकाळी मासळी विकून, टोपली घरी टाकून, साडी बदलून ती दुपारच्या बसनं यायची. तिचे कान वरपासून खालपर्यंत भरलेले असायचे आणि कसली तरी कडी कायम तुटलेली असायची. तू कशाला शिकतेस हे, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजा कानातला दर वरसाला तुटतंय, न सोनार दर वरसाला हसतंय. मी बोलली, जाऊदे त्याला, मीच शिकतंय." तिच्या येण्याबरोबर गॅलरीत सुकटीचा मंद वास यायचा. बाई नाक मुरडायच्या आणि निघताना तिच्याकडून बोंबील मागून घ्यायच्या.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी आग मिळेल. मिळालं पितळेचं पान आणि केसासारखं पातं लावलेली करवत. पातं तुटायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा तुटायचं. तुटताना टिंग असा बारीक आवाज यायचा आणि बाई आतून, स्वयंपाकघरातून, न बघता म्हणायच्या, "जोर करतेस. करवत तिच्या वजनानं जाते, तू फक्त सोबत जा." पुढं तार ओढणं आलं. जंत्री म्हणून एक पोलादी पट्टी असते, तिला मोठ्यापासून बारीकपर्यंत भोकं. तार एकेका भोकातून चिमट्यानं ओढायची, की ती बारीक आणि लांब होत जाते. ओढता ओढता ती ताठरते, मग तापवून पुन्हा मऊ करायची. धातू दमतो आणि त्याला ऊब दिली की परत कामाला लागतो, हे मला इतकं नवल वाटलं की त्या रात्री जेवताना मी बाबांना तेच सांगत बसले. बाबा दिवसभराचे दमलेले होते. ते म्हणाले, मला पण थोडी आमटी वाढ गरम करून.

पण खरी मजा डाख लावण्यात होती. दागिन्याचे दोन भाग सांधायचे तर मधे डाख घालतात, म्हणजे त्याच जातीचा पण जरा आधी वितळणारा मिश्र धातू. त्याचे राईएवढे तुकडे कापायचे, टाकणखाराच्या पाण्यात बुडवून सांध्यावर ठेवायचे आणि फुंकणीनं दिव्याची ज्योत वाकवून त्याच्यावर सोडायची. टाकणखार आधी लाहीसारखा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा चकाकतो, आणि मग एका क्षणी तो तुकडा विरघळून सांध्यातून सरसर पळत जातो. तो क्षण बघण्यासाठी मी काहीही करायला तयार होते. माझा डाख मात्र सांध्यात न जाता भलतीकडेच पळायचा. असं का, तसं का, विचारून मी बाईंना भंडावून सोडलं. त्या म्हणाल्या, तुझ्या का-ला माझ्याकडे उत्तर नाही, आगीला विचार. मग आगीलाच विचारलं. पुष्कळ तुकडे जाळल्यावर कळलं, की डाख ऊब असेल तिकडे धावतो. तुकड्याला तापवायचंच नाही, जिथं तो जायला हवा ती जागा तापवायची.

फुंक अखंड पाहिजे, श्वास नाकानं घेत असताना गालातली हवा चालू राहिली पाहिजे. याचा सराव म्हणजे ग्लासभर पाण्यात नळी घालून बुडबुडे काढायचे आणि ते थांबू द्यायचे नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांत दोनच आवाज होते, खाली टँकरमधून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आणि स्वयंपाकघरात माझ्या ग्लासाचा. आई म्हणायची, पाणी एक तर येत नाही, त्यात ही बसलीय फुंकत. यमुनाताईला मात्र सराव करावाच लागला नाही. तिनं पहिल्याच दिवशी फुंकणी तोंडाला लावली आणि ज्योत खिळ्यासारखी सरळ धरली. चूल पेटवून पेटवून तिचे गाल आधीच तयार होते.

बाईंची एक पद्धत होती, ती मी नंतर कुठंच पाहिली नाही. कानातलं एक फूल करायला लावायच्या. झालं की ते आपल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या आणि बरेच दिवस दुसरीच कामं द्यायच्या. मग अचानक म्हणायच्या, आता त्याची जोड कर. पहिलं दाखवायच्या नाहीत. हाताला काय आठवतं ते बघायचं असायचं त्यांना. माझी पहिली जोड आईनं बघितली आणि विचारलं, हे दोन वेगळ्या बायकांचे कान आहेत का. एक दागिना कुणीही करतं, जोड करताना आपण पहिल्या वेळी नक्की काय केलं होतं ते कळतं. आज माझ्याकडे मुली शिकायला येतात, मोबाइलवर सगळं पाहून आलेल्या असतात, त्यांनाही मी डब्यात टाकायला लावते. त्या आधी फोटो काढून ठेवतात. मी फोन पण डब्यात टाकते.

आता बुगडीचं सांगते.

आई मूळची आगाशीची, केळीच्या वाडीतली. लग्न होऊन ती गिरगावात गेली आणि तिची धाकटी बहीण, आमची सुमनमावशी, आगाशीतच दिली. आम्ही विरारला राहायला आलो तेव्हा दोन बहिणींत बसचं एक तिकीट उरलं होतं, पण तोपर्यंत त्या बोलेनाशा झाल्या होत्या. कारण आजीचं जाणं. आजी अत्यवस्थ झाली तेव्हा मावशीनं गिरगावात आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला, असं मावशी म्हणते. आईला निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी. आई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. निरोप कुणी ठेवला, कुणी विसरलं, शेजारी खरं बोलले की खोटं, याचा निकाल कधी लागला नाही. पुढं मामानं आजीचे दागिने वाटायला काढले, त्यात कुयरीची बुगडी निघाली. बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या पाळीत घालायचा डाग. आमच्या आजोळी प्रत्येक मुलगी त्या बुगड्या घालून बोहल्यावर उभी राहिलेली. आई म्हणाली, सुमनला दे. मावशी म्हणाली, ताईला दे. कुणी ऐकेना, आणि त्यात प्रेम कमी आणि राग जास्त होता. शेवटी मामानं वैतागून एकीला एक, दुसरीला एक दिली. दोघींपैकी कुणालाही घालता येणार नाही अशी वाटणी मी तेवढी एकच पाहिली.

त्यानंतर आमच्या घरी सुकेळी आली नाहीत. हे आगाशीबाहेरच्यांना कदाचित कळणार नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती मधाच्या रंगाची, चिवट गोड होतात, आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवायची. मावशीच्या हातची सुकेळी दर वर्षी यायची. ती थांबली तेव्हा आई बाजारातून कधीच आणायची नाही आणि आणू द्यायचीही नाही. विषय निघाला तर म्हणायची, गोड बाधतं मला.

वैजूचं लग्न ठरलं आणि बुगडी कपाटातून बाहेर आली. एकच. आईनं ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, तू एवढं शिकतेस, याची जोड होईल का? मी ती तळहातावर घेतली. पोटात बारीक रवा, म्हणजे सोन्याचे राईहून लहान गोल दाणे, कडेनं वळलेली तार, मधोमध एक माणिक, टोकाला मोती, मागं फिरकी. मला दुसरं काही दिसलंच नाही. हे कुणी केलं असेल, रवा इतका गोल कसा आला असेल, मोती कशावर धरलाय. मी होईल म्हणाले. चांदीची करू, वर सोन्याचा मुलामा देऊ, मांडवात कुणाला कळतंय.

त्या संध्याकाळी वैजूनं मला गच्चीवर नेलं. लहानपणी सुट्टीत ती मावशीकडेच राहायची, तिचे कानसुद्धा मावशीनंच मांडीवर धरून टोचून घेतलेले. ती म्हणाली, "जोड झाली तर आई मावशीला बोलवायचीच नाही. बुगडीसाठी तरी विचारावं लागलं असतं तिला." मला ते पटलं. अगदी पटलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी बुगडी रुमालात बांधून क्लासला गेले, कारण तो रवा कसा करतात हे कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. वैजूला म्हटलं, जमलं तर ना. जमणार नाही असं तिला वाटावं म्हणून मी तोंड पाडून बोलले, पण जमवायचंच हे आत पक्कं होतं.

बाईंनी डोळ्याला भिंग लावून बुगडी बराच वेळ पाहिली आणि ज्यानं केली त्याला एक सणसणीत शिवी दिली. त्यांच्याकडे ती मोठी दाद होती. रव्याचं कोडं असं सुटलं, की चांदीच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत ठेवून तापवले की प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. आपोआप. हाताळायचं नाही, घासायचं नाही. मी भुकटी धुवून गाळली आणि तळाशी ते चमकणारे दाणे बघितले तेव्हा मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. यमुनाताईनं ते बोटावर घेऊन बघितले आणि म्हणाली, ही तर गाबोळी. माशाच्या पोटातली अंडी तशीच दिसतात, नंतर मी पाहिली.

आकार चुकू नये म्हणून मी बुगडी तेलकट कागदाखाली धरून तिची रेघ न् रेघ उतरवली, कागद चांदीच्या पानावर चिकटवला आणि त्यावरून करवत चालवली. एकही पातं तुटलं नाही. तार वळवली, रवा बसवला, माणकाचं घर उभं केलं. डाख सांध्यातच गेला. काळं पडलेलं काम चिंचेच्या पाण्यात उकळून पांढरं केलं, रिठ्याच्या फेसात पितळी ब्रशनं घासलं. मुलामा बाईंनी ओळखीच्याकडून करून आणला. दोन्ही बुगड्या शेजारी ठेवल्या तर माझी कुठली ते मलाच क्षणभर सांगता येईना. बाईंनी दोन्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कानाला लावून बघितलीस का?"

मी म्हटलं, घरी बघते, वैजूच्याच कानात. त्या शेगडीतले कोळसे सारत बसल्या.

घरी सगळे जमले. आईनं वैजूला आरशासमोर बसवलं. उजव्या कानात आजीची बुगडी घातली, फिरकी आवळली. कुयरीचं टोक पुढं, गालाकडे वळलेलं. मग डाव्या कानात माझी. तिचं टोक मागं, वेणीकडे. आईनं काढून परत घातली. तेच. फिरवली, तर कुयरी खाली डोकं वर पाय. मी खाली बसले. मी इतकी हुबेहूब केली होती, की तीही उजव्याच कानाची झाली होती. दोन्ही उजव्या पायाच्या चपला. कागद चिकटवताना तो फक्त उलटा करायचा होता. आजवर मी गोल फुलंच केली होती, फुलाला डावंउजवं नसतं, आणि हे माझ्या एवढ्या चौकस डोक्यात शिरलंच नव्हतं.

वैजू हसायला लागली. इतकी हसली की तिचं नाक लाल झालं. बाबाही हसले. मी चिडून म्हटलं, अजून वेळ आहे, दुसरी करते, डावी. वैजूचं हसणं थांबलं.

आई हसली नव्हती. तिनं माझी बुगडी वैजूच्या कानातून काढली, खिडकीशी नेली आणि बोटांत फिरवत उभी राहिली. खाली टँकर आला होता, बायकांची कळश्यांची घाई चालली होती. आईच्या तोंडून हळूच आलं, "डावी सुमनकडे आहे." आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतंच. पण त्या वाटणीनंतर आईच्या तोंडून सुमन हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग ती म्हणाली, "तिच्याकडे उजवी नाही."

दुसऱ्या दिवशी मी तणतणत क्लासला गेले. तुम्हाला दिसलं होतं ना, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दिसलं की. म्हणून तर विचारलं, कानाला लावली का. मग सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर विसरली असतीस," त्या म्हणाल्या आणि मोडीत काढायची असेल तर आण म्हणाल्या. मी म्हटलं, ती घरात नाहीच. आई सकाळी कुंकवाच्या डबीत ती बुगडी ठेवून, बरी साडी नेसून, कुणाला काही विचारू न देता आगाशीच्या बसला गेलीय.

आई दिवेलागणीला परत आली. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेला पुडा. तिचे डोळे सुजलेले होते आणि आवाज मात्र नेहमीचा, घरात शिरल्या शिरल्या भांडी का पडलीत म्हणून विचारणारा. दोघी काय बोलल्या, फोनचा निकाल लागला का, हे मला विचारायचं होतं, जिभेवर होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न उघडता तसंच राहू दिलं. आईनं पुडा सोडला, एक सुकेळं तोंडात टाकलं आणि म्हणाली, यंदा जरा जास्त वाळवलीत तिनं. मग दुसरं घेतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी आली ती डावी बुगडी घेऊनच. वैजू आजीच्या दोन्ही बुगड्या घालून उभी राहिली, दोन्ही टोकं गालाकडे. मावशीनं स्वतःच्या उजव्या कानात माझी घातली होती. डावा कान मोकळाच होता, पण ती प्रत्येकीला उजवा कान पुढं करून सांगत होती, आमच्या धाकटीनं केलीय. यमुनाताई मांडवात आली होती, तिनं ती जवळून बघितली आणि मला म्हणाली, "फिरकी सैल हाय. पानी नको लागू देऊ सांग." फिरकी खरंच सैल होती.

लग्न झालं, मावशी आपली डावी घेऊन गेली. तिची जोड पूर्ण झाली होती, एक सोन्याची, एक मुलाम्याची. आईची तेवढी एकटी राहिली, हे मला खुपत होतं. कागद मी उलटा करून ठेवलाच होता. चांदीचं पान आणलं, रवा पाडून ठेवला आणि आईकडे तिची बुगडी मागितली, म्हटलं आठवड्याभरात डावी देते. आईनं दिली नाही. मला वाटलं, पुन्हा चुकेन म्हणून घाबरते. पुढच्या मंगळागौरीला मी परत विचारलं, मामाच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी परत विचारलं. दर वेळी आई साडी नेसून, केसांना चापून चोपून तेल लावून आगाशीला जायला तयार उभी असायची, एक डाग मागून आणायला, आणि परतायला अंधार करायची.

शेवटचं विचारलं तेव्हा ती पायऱ्या चढताना धापा टाकायला लागली होती. मी म्हटलं, आई, एवढी दगदग कशाला, मी दोन दिवसांत करून देते की.

आई पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "कशाला? सुमनकडे आहे ना."